द्राक्षाच्या पानातले कॅरोटीन आणि त्यावरचे तेल

तुर्कस्तानात तांदूळ, कांदा, चिलगोजे, बेदाणे आणि पुदिना यांचे सारण द्राक्षाच्या पानात गुंडाळून, ऑलिव्ह तेलात शिजवून, थंड करून वाढतात. या पदार्थाचे नाव ‘यालांजी डोलमा’. यालांजी म्हणजे खोटा, कारण आत मांस नसते. त्यामुळे हा प्रकार पोषणातही दुय्यम असावा, असे अनेकांना वाटते. प्रथिनांपुरते ते बरोबर आहे. पानाबाबत मात्र नाही.

100 ग्रॅम ताज्या पानांत सुमारे 11 ग्रॅम तंतू, 363 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 16 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवते ते रंगद्रव्य, असते. हे कॅरोटीन पेशीतील हरितलवकांत बंदिस्त असते आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसते पान चावून त्यातले फारच थोडे अंगी लागते. शिजवल्याने पेशीभित्ती सैल होतात, सुटलेले कॅरोटीन तेलात उतरते, लहान आतड्यात पित्तक्षार त्या तेलाचे बारीक थेंब करतात आणि पचलेल्या मेदासह कॅरोटीन मायसेल नावाच्या अतिसूक्ष्म गोलकांत शिरते. या गोलकांची बाहेरची बाजू पाण्यात मिसळणारी आणि आतली तेलाला धरणारी असते, म्हणूनच ते आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतात. तेथील पेशींत एक विकर (एन्झाइम) कॅरोटीनचा रेणू बरोबर मध्यावर तोडते आणि त्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार होते. ही साखळी मला विलक्षण सुंदर वाटते, आणि तेल वगळले तर ती दुसऱ्याच पायरीवर अडते. ‘तेलाविना डोलमा अधिक पौष्टिक’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. तेल बेताने घालावे, एवढेच खरे. ही पाने ‘शरीरातील विषे बाहेर काढतात’ या दाव्याला तर कसलाच आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

काळजी करायची ती मिठाची. बरणीतल्या खारवलेल्या पानांत 100 ग्रॅममागे सुमारे 2850 मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे अशा दहा पानांतून, सुमारे 40 ग्रॅममधून, 1100 मिलिग्रॅमहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला 2000 मिलिग्रॅमची आहे. पाने आधी पाण्यात भिजवून आणि पाणी बदलून घेतल्यास यातले बरेचसे मीठ निघून जाते.

नाशिक-सांगलीच्या बागांतली ताजी पाने वापरण्याचा मोह आपल्याकडे होऊ शकतो, पण केवडा आणि भुरी हे द्राक्षवेलीचे रोग रोखण्यासाठी त्या वेलींवर वारंवार फवारण्या होतात आणि औषधाचा थर पानावरच बसतो. अंगणातल्या, फवारणी न केलेल्या वेलीची कोवळी पानेच यासाठी घ्यावीत.