टेनिस रेटिंग (हौशी प्रौढ लीगमधील)

हौशी टेनिसपटू सध्या कोणत्या पातळीचा खेळ करतो हे सांगणारा आकडा म्हणजे रेटिंग. साधारण सारख्या ताकदीचे खेळाडू समोरासमोर यावेत आणि सामना रंगावा, यासाठी ते दिले जाते. खेळाडू किती वर्षे खेळतो आहे, कुठल्या क्लबचा सभासद आहे, त्याचे फटके दिसायला किती देखणे आहेत, याला त्यात जागा नसते. स्कोअर काय लागला आणि समोर कोण होते, या दोन गोष्टींवर सारा हिशेब उभा असतो.

रँकिंग वेगळे. व्यावसायिक पुरुष टेनिसचे संगणकीय रँकिंग ऑगस्ट १९७३ मध्ये सुरू झाले. स्पर्धांमध्ये कमावलेल्या गुणांवर ते ठरते. अखिल भारतीय टेनिस संघटनेचे रँकिंगही गुणांचेच आहे. जो स्पर्धांना जात नाही त्याला अशा यादीत स्थान नाही, मग तो कितीही चांगला खेळो. रेटिंग ही यादीतली जागा नसून पातळीचा अंदाज असतो. एकाच रेटिंगचे हजारो खेळाडू असू शकतात, आणि एकही स्पर्धा न जिंकता रेटिंग चढू शकते.

मुंबईत पातळी ठरवण्याचे काम आजवर माणसांच्या नजरेने होत आले आहे. जिमखान्यात नवा सभासद आला की मार्कर, म्हणजे सभासदांशी खेळण्यासाठी क्लबने ठेवलेला पगारी खेळाडू, त्याच्याशी थोडा वेळ रॅली करतो आणि संध्याकाळच्या कुठल्या चौघांत त्याला बसवायचे ते सुचवतो. वर्षानुवर्षे कोर्टावर काढलेल्या मार्करची पारख दाद देण्यासारखी असते. पण ती त्या कोर्टापुरतीच असते. शिवाजी पार्कला ‘चांगला खेळतो’ म्हणून ओळखला जाणारा खेळाडू खारला गेला की त्याला पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करावे लागते. हौशी स्पर्धांमध्ये गट पाडले जातात ते बहुधा वयाने: ३५ वर्षांवरील, ४५ वर्षांवरील, ५५ वर्षांवरील. पातळी मोजायला वय हे फार ढोबळ माप आहे. तरुणपणी राज्य पातळीवर खेळलेला साठीतला माणूस चाळिशीत पहिल्यांदा रॅकेट धरलेल्याला एकही गेम देणार नाही, आणि त्या सामन्यात दोघांनाही आनंद मिळणार नाही.

ताकदीनुसार गट पाडणे या शहराला नवे नाही. १९४८ पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये ‘ए’ ते ‘जी’ असे विभाग आहेत आणि संघ त्यांत वर-खाली होतात. तिथे मात्र दर्जा संघाचा असतो. टेनिसचे रेटिंग व्यक्तीला चिकटते आणि क्लब बदलला तरी तिच्यासोबत जाते.

खेळाडूंना आकडे देण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. जुन्या टेनिसमध्ये हँडिकॅपची पद्धत होती. दुबळ्या खेळाडूला ‘१५’ दिले म्हणजे प्रत्येक गेम त्याच्यासाठी १५-० वर सुरू होई. त्याहून बारीक फरक दाखवायचा तर सहा गेमचा एक संच धरला जाई: ‘१/६’ म्हणजे सहांपैकी एका गेममध्ये एक गुण आगाऊ, ‘३/६’ म्हणजे तीन गेममध्ये. बलवान खेळाडू उलट ऋण गुणांवरून सुरुवात करी. फ्रान्सच्या टेनिस महासंघाच्या श्रेणींना आजही हीच नावे आहेत. नवशिक्यांकडून वर चढत गेले की ४०, ३०/५, ३०/४ अशा पायऱ्या लागतात, पुढे ३०, मग १५, मग षष्ठांश, शून्य, आणि त्याच्याही वर ऋण श्रेणी. हँडिकॅपचे सामने मागे पडले तरी ही शिडी टिकली, कारण दोन खेळाडूंतले अंतर ती नेमके सांगते.

आधुनिक रेटिंगमागचा मूळ विचार टेनिसला बुद्धिबळाकडून मिळाला. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे सूत्र असे: सामन्याआधी दोघांच्या आकड्यांवरून अपेक्षित निकाल काढायचा, सामन्यानंतर प्रत्यक्ष निकालाशी तो ताडायचा आणि जेवढी तफावत तेवढा आकडा हलवायचा. समजा १६०० आणि १५०० रेटिंगचे दोघे खेळले. वरचा जिंकण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के येते. एका सामन्यात जास्तीत जास्त ३२ गुण हलू शकतात असे धरले, तर वरच्याने जिंकल्यास त्याला साधारण साडेअकरा गुण मिळतात. खालच्याने जिंकल्यास त्याला साडेवीस. अपेक्षित विजयाचे मोल कमी, अनपेक्षित विजयाचे जास्त.

टेनिसमध्ये नुसत्या जय-पराजयापेक्षा बरीच जास्त माहिती स्कोअरमध्ये असते. ६-० आणि ७-६ या दोन्ही सेटचा निकाल एकच, पण दोन्ही सेट सारखे नव्हेत. ही माहिती किती वापरायची यावरून आजच्या पद्धती वेगळ्या होतात.

प्रौढ लीगसाठी सर्वांत रुळलेली पद्धत अमेरिकेतली आहे. तिथे राष्ट्रीय टेनिस रेटिंग कार्यक्रम, म्हणजे एनटीआरपी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि पुढे देशभरातली हौशी लीग त्यावर उभी राहिली. श्रेणी अर्ध्या-अर्ध्याने चढत ७.० पर्यंत जाते. हौशी खेळाडूंची मोठी गर्दी ३.० ते ४.० च्या आसपास असते. ३.० चा खेळाडू मध्यम वेगाचे चेंडू बऱ्यापैकी सातत्याने परतवतो, पण सगळे फटके त्याच्या हातात बसलेले नसतात. ३.५ ला फटक्याला दिशा देता येते, पण खोली (चेंडू समोरच्या बेसलाइनजवळ पाडणे) आणि विविधता कमी पडते. ४.० ला फोरहँड आणि बॅकहँड दोन्हींत दिशा आणि खोली असते, लॉब, स्मॅश, व्हॉली सामन्यात उपयोगी पडू लागतात. ही वर्णने स्वतःला जोखायला ठीक आहेत. खरा आकडा निकालांवरूनच निघतो. पडद्यामागे संगणक दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत हिशेब ठेवतो: ३.०१ ते ३.५० मधला प्रत्येक जण ‘३.५’ चा. म्हणजे एकाच श्रेणीच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे खेळाडू भेटले की सामना एकतर्फी होऊ शकतो, आणि ‘आम्ही दोघे एकाच श्रेणीचे कसे?’ हा लीगमधला नेहमीचा प्रश्न त्यातूनच येतो. नवी श्रेणी वर्षाअखेरीस जाहीर होते.

नव्या खेळाडूचा पूर्वीचा निकालच नसतो. म्हणून तो प्रश्नावली भरून स्वतःची श्रेणी सांगतो. इथे खरी मेख आहे. काही जण मुद्दाम खालची श्रेणी सांगतात, संघाला सहज विजय मिळवून देतात आणि समोरच्याचा हंगाम नासवतात. हौशी खेळात इतका दुखावणारा दुसरा अन्याय नाही, कारण पैसा आणि वेळ घालून, कामावरून धावत आलेल्या माणसाला बरोबरीचा सामना मिळण्याचा हक्क असतो. यावर उपाय म्हणून असा खेळाडू श्रेणीच्या मर्यादेपलीकडचे निकाल तीनदा देऊ लागला की तो त्या श्रेणीतून अपात्र ठरवला जातो. पूर्वी स्पर्धात्मक किंवा कॉलेज पातळीवर खेळलेल्यांना खालची श्रेणी घेताच येत नाही.

युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, म्हणजे यूटीआर, व्हर्जिनियातील प्रशिक्षक डेव्ह हॉवेल यांनी २००८ मध्ये सुरू केले. त्याची पट्टी १ ते १६.५ अशी आहे आणि तीवर स्त्री-पुरुष, मुले-प्रौढ, हौशी-व्यावसायिक सगळे एकत्र बसतात. गेल्या १२ महिन्यांतले जास्तीत जास्त ३० सामने त्यात धरले जातात आणि जिंकलेल्या गेमचे प्रमाण मोजले जाते. ६-४, ६-३ अशा सामन्यात हरणाऱ्याने १९ पैकी ७ गेम घेतलेले असतात. आकड्यांवरून त्याला चारच अपेक्षित असतील, तर हरूनही त्याचे रेटिंग चढते. त्यामुळे ०-५ मागे पडल्यावरही पुढचा गेम जीव तोडून खेळण्याला अर्थ राहतो.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा वर्ल्ड टेनिस नंबर ४० ते १ असा उतरत जातो: ४० म्हणजे नवशिका, १ म्हणजे जगातल्या सर्वोत्तमांपैकी. त्यात गेम मोजले जात नाहीत. प्रत्येक सेट हा एक निकाल. एकेरी आणि दुहेरीचे आकडे वेगळे ठेवले जातात.

हे वेगळे ठेवणे मुंबईसाठी फार मोलाचे आहे. इथे कोर्ट कमी, रांगेत बसलेले सभासद जास्त. म्हणून हौशी टेनिस मुख्यतः दुहेरीचे. दुहेरीचा स्कोअर चौघांचा असतो, आणि त्यातून प्रत्येकाचा वाटा काढणे अवघड. जोडी जिंकली ती नेटवरच्या चपळ खेळाडूमुळे की बेसलाइनवर टिच्चून उभ्या राहिलेल्या त्याच्या जोडीदारामुळे, हे स्कोअर सांगत नाही. तेच दोघे कायम एकत्र खेळत राहिले तर कुठलेही गणित त्यांना वेगळे करू शकत नाही. जोडीदार बदलत राहिले तरच हळूहळू प्रत्येकाचा आकडा उघड होतो. अमेरिकेतल्या मिश्र दुहेरीच्या लीगमध्ये दोघांच्या श्रेणींची बेरीज धरतात: ७.० च्या गटात ३.५ आणि ३.५ किंवा ३.० आणि ४.० अशी जोडी चालते, दोघांतले अंतर १.० पेक्षा जास्त नसावे. ही कल्पना मुंबईच्या जिमखान्यांत सहज रुजण्यासारखी आहे. नवरा-बायको, बाप-लेक अशा जोड्या इथे आधीपासूनच खेळतात.

बंदिस्त गट ही मोठी अडचण. मुलुंडमधले वीस जण वर्षभर आपसांतच खेळले आणि कुलाब्यातले वीस जण आपसांत, तर दोन्हीकडे आकडे तयार होतील. पण मुलुंडचा ५ आणि कुलाब्याचा ५ सारखेच आहेत का, हे कुणालाच कळणार नाही. रेटिंग दोन खेळाडूंतला फरक मोजते. ज्या गटांमध्ये एकही सामायिक सामना नाही, त्यांच्यात मोजण्यासारखा फरकच उपलब्ध नसतो. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या बाजूंना विभागलेल्या, बहुतेक कोर्ट फक्त सभासदांसाठी असलेल्या या शहरात असे गट भरपूर आहेत. दोन्हीकडे खेळणारे मोजके खेळाडू मिळाले तरी पूल बांधला जातो, कारण त्यांच्या निकालांवरून दोन्ही गटांचे सगळे आकडे एका पट्टीवर येतात.

पावसाळ्याचाही हिशेबावर परिणाम होतो. जून ते सप्टेंबर मातीची कोर्ट जवळजवळ बंद असतात, हार्ड कोर्टवर सरींच्या मधल्या उघडिपीत जेवढे होईल तेवढेच. जुन्या सामन्यांचे वजन काळाबरोबर कमी करणाऱ्या पद्धतींत ऑक्टोबरमध्ये परतणाऱ्याचा आकडा थोड्याशा ताज्या निकालांवर तोललेला असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत तो जोरात वर-खाली होतो. त्या आठवड्यांतल्या आकड्यावरून कुणाला वरच्या किंवा खालच्या गटात ढकलू नये.

मुंबईत एखाद्या लीगला रेटिंग सुरू करायचे झाले तर अडेल ते गणितावर नव्हे, नोंदींवर. संध्याकाळच्या सेटचा स्कोअर सहसा कुणी लिहून ठेवत नाही, आणि आंतर-जिमखाना सामन्यांच्या कागदावर अनेकदा ‘अमुक जोडी विजयी’ एवढेच असते. चौघांची नावे, प्रत्येक सेटचे गेम, तारीख आणि कोर्ट मातीचे की हार्ड, इतके प्रत्येक सामन्यानंतर लिहिले तर एका हंगामात कामचलाऊ आकडे हाती येतात.