कॅल्साइट की अ‍ॅरागोनाइट? साका पांढराच, पण आत फरक मोठा आहे

कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेटची सोल्युशन्स एकत्र केली की पांढरा साका बसतो, आणि बहुतेक जण कॅल्शियम कार्बोनेट मिळालं म्हणून वहीत लिहून मोकळे होतात. पण कुठलं मिळालं, हे विचारायलाच हवं! कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचेच दोन स्फटिक-प्रकार, दोघांचा फॉर्म्युला एकच, अ‍ॅसिड टाकलं की दोन्ही फसफसतात, मग तिथून काहीच कळत नाही. रचना मात्र वेगळी, कॅल्साइटमध्ये प्रत्येक कॅल्शियमभोवती ६ ऑक्सिजन, अ‍ॅरागोनाइटमध्ये ९, म्हणून तो जास्त दाटीचा, घनता २.९३ ग्रॅम प्रति घन सेंमी, कॅल्साइटची २.७१.

नेहमीच्या तापमानाला कॅल्साइट जास्त स्थिर, अ‍ॅरागोनाइट पाण्यात थोडा जास्त विरघळतो, मग तो बनतोच कसा? तर इथे कोण स्थिर आहे यापेक्षा कोण आधी वाढतो ते महत्त्वाचं, आणि कुठला मिळणार हे कंट्रोल करायचं म्हणजे खरं तर कॅल्साइटला अडवायचं. हे काम मॅग्नेशियम करतं. त्याचा आयन छोटा, पाणी घट्ट धरून ठेवणारा, तो कॅल्साइटच्या स्फटिकात घुसतो, तिथली वाढ मंदावते आणि तो कॅल्साइट जास्त विरघळायला लागतो, पण अ‍ॅरागोनाइटच्या रचनेत मॅग्नेशियमला फारशी जागाच नाही त्यामुळे तो बिनधास्त वाढतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या साधारण ५ पट मॅग्नेशियम आयन असतात, प्रवाळांचे सांगाडे अ‍ॅरागोनाइटचे असतात ते त्याच पाण्यात. मला तर हे फारच सुंदर वाटतं.

दुसरा उपाय तापमान. मॅग्नेशियम नसेल तर २५ अंशाला कॅल्साइट आणि त्याच्यासोबत व्हॅटेराइट नावाचा तिसरा प्रकार येतो, ६०-७० अंशांच्या पुढे अ‍ॅरागोनाइटचं प्रमाण वाढतं. व्हॅटेराइट सगळ्यात कच्चा, साका पाण्यात तसाच ठेवला तर काही तासांत त्याचा कॅल्साइट व्हायला लागतो, म्हणून सकाळी बनवून दुसऱ्या दिवशी गाळलात तर रिझल्ट वेगळा येणार, लगेच गाळा, धुवा, वाळवा.

ओळखताना मायक्रोस्कोपखाली सुया दिसल्या की अ‍ॅरागोनाइट, चौकोनी तिरके तुकडे दिसले की कॅल्साइट असं ढोबळ म्हणता येतं, पण कॅल्साइटसुद्धा टोकदार आकारात येतो, कागदाच्या कारखान्यांसाठी मुद्दाम तसा बनवतातही, त्यामुळे नुसत्या आकारावर विसंबू नका, एक्स-रे डिफ्रॅक्शन (स्फटिकावर एक्स-रे टाकून ते कुठल्या कोनात वळतात ते बघायची चाचणी) करून घ्या. नेहमीच्या कॉपरच्या एक्स-रे ट्यूबवर कॅल्साइटचा मोठा पीक (आलेखातलं टोक) २९.४ अंशांजवळ आणि अ‍ॅरागोनाइटचा २६.२ जवळ येतो, दोन्ही दिसले तर साका मिक्स आहे.