डोंगरातला वारा आणि हरणाचे नाक

स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ प्रदेशात रेड डिअर जातीच्या हरणांची शिकार पायी केली जाते. शिकारी आणि त्याला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, ज्याला तिथे स्टॉकर म्हणतात, हे दोघे दुर्बिणीने कळप हेरतात आणि मग ओढ्याच्या घळीतून, ओल्या गवतातून, शेवटी पोटावर सरपटत त्याच्या जवळ जातात. उतार बहुतांशी उघडे आहेत, झाडी विरळ आहे आणि वारा जवळजवळ रोजचाच आहे. याच प्रदेशातील केर्नगॉर्म शिखरावर २० मार्च १९८६ रोजी ताशी २७८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला गेला होता.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली आणि ते योग्यच झाले. स्कॉटलंडची परिस्थिती निराळी आहे. तिथला लांडगा काही शतकांपूर्वीच माणसाने संपवला, त्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवणारा नैसर्गिक शत्रू उरला नाही, आणि वाढलेले कळप रोपटी खुडून खात असल्याने जुन्या पाइन वृक्षांच्या जंगलांना नवी पिढी धरणे कठीण झाले. म्हणून दरवर्षी ठरावीक संख्येने हरणे मारली जातात. हे काम करायचेच असेल, तर ते जनावराला कमीत कमी यातना देऊन व्हायला हवे, आणि इथे वाऱ्याचे विज्ञान केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

हरणाचे सर्वांत विश्वासू इंद्रिय म्हणजे नाक. दिसलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीबद्दल शंका आली, तर हरीण बराच वेळ कान टवकारून उभे राहते, कधी दोन पावले पुढे येऊन पाहते. माणसाचा वास लागला, की मात्र ते सहसा खात्री करून घेत बसत नाही, सरळ उधळते. म्हणून पहिला नियम असा, की वारा हरणाकडून आपल्याकडे येत असला पाहिजे. एवढे कुणालाही ठाऊक असते. अडचण पुढे सुरू होते, कारण वास हवेतून सरळ रेषेत आणि सारख्या प्रमाणात पसरत नाही.

अंगावरून सुटणारे गंधाचे रेणू स्वतःहून फार हळू पसरतात. त्यांना दूर नेण्याचे काम हवेचे प्रवाह आणि भोवरे करतात. उदबत्तीचा धूर जसा थोडा वेळ सरळ वर जातो आणि मग तुटून, वळून, पातळ धाग्यांत विखुरतो, तसाच माणसाचा गंध वाऱ्याच्या दिशेने धाग्याधाग्यांनी वाहतो. दूरवरच्या हरणापर्यंत तो सलग पोहोचत नाही. मधूनच एक दाट झुळूक येते, मग काही क्षण स्वच्छ हवा, मग पुन्हा एक झुळूक. वारा स्थिर आणि मध्यम असला, तर हा गंधाचा पट्टा अरुंद राहतो आणि तो कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो. वारा जवळजवळ पडलेला असताना मात्र तो क्षणाक्षणाला दिशा बदलतो, आणि गंध कधी पाठीमागे तर कधी थेट कळपाकडे सरकतो. शांत हवा शिकाऱ्याला सोयीची असेल, हा नवख्याचा समज इथे खोटा ठरतो. अनुभवी स्टॉकरला एका दिशेने वाहणारा खणखणीत वारा अधिक पसंत असतो.

डोंगरात हे गणित आणखी गुंतागुंतीचे होते. मंद वाऱ्याच्या दिवशी उन्हाने तापलेल्या उतारावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि संध्याकाळी थंड, जड झालेली हवा त्याच उतारावरून खाली घरंगळते, त्यामुळे सकाळी निर्धोक असलेली वाट संध्याकाळी धोक्याची होते. जोराचा वारा हे चढउतार पुसून टाकतो, पण स्वतःचे नवे प्रश्न आणतो. हायलँड्समध्ये हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगट जागा आहेत, ज्यांना कॉरी म्हणतात. तीन बाजूंनी कडे आणि एक बाजू उघडी. समजा, पश्चिमेचा वारा डोंगराची धार ओलांडतो आहे आणि कॉरी धारेच्या पूर्वेला आहे. शिकारी पूर्वेच्या उघड्या बाजूने आत शिरतो, कारण धारेवरच्या ढगांकडे पाहून वारा आपल्या तोंडावर आहे अशी त्याची खात्री असते. प्रत्यक्षात धारेवरून सुटलेला प्रवाह कड्याला चिकटून खाली उतरत नाही. तो वरूनच पुढे निघून जातो आणि त्याच्याखाली एक मोठा आडवा भोवरा फिरू लागतो. त्या भोवऱ्यात जमिनीलगतची हवा उलट, म्हणजे कड्याच्या दिशेने वाहते. कड्याच्या पायथ्याशी आडोशाला बसलेल्या कळपाला शिकाऱ्याचा वास त्याच्या पाठीमागून आलेल्या हवेवर आयता पोहोचतो. वादळी दिवशी हरणे अशा आडोशाच्या जागा शोधतात, कारण ओल्या केसांमधून वारा अंगातली ऊब झपाट्याने खेचून नेतो. त्यामुळे ती नेमकी तिथे सापडतात जिथे वाऱ्याचा भरवसा सर्वांत कमी असतो.

म्हणून वारा एकदाच पाहून भागत नाही. दलदलीत उगवणाऱ्या कॉटनग्रास या गवताचे कापसासारखे तंतू हवेत सोडून, तळ्यावरच्या लहरी पाहून, धुक्याच्या वाहण्यावरून तो वाटेत पुन्हा पुन्हा पारखावा लागतो. माणसाने ही विद्या कष्टाने मिळवली आहे, पण प्रत्येक शिकारी प्राण्याने ती मिळवली आहे असे नाही. सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांना आढळले, की वाऱ्याच्या उलट दिशेने केलेले हल्ले अधिक यशस्वी होत असूनही सिंह वाऱ्याची दिशा पाहून डाव आखत नाहीत. मला हे निरीक्षण फार मोलाचे वाटते, कारण निसर्गात प्रत्येक गोष्ट परिपूर्णच असते हा आपला भाबडा समज ते दूर करते.

कानाच्या बाबतीत वारा शिकाऱ्याच्या बाजूने असतो. गवताच्या आणि खडकांच्या सळसळीत पावलांचा आवाज बुडतो, हे उघड आहे. त्याहून सुंदर कारण वेगळे आहे. जमिनीजवळ वारा घर्षणामुळे मंद आणि वर वेगवान असतो. वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वरचा भाग त्यामुळे जास्त मागे रेटला जातो आणि लहरी आकाशाकडे वळतात. वारा हरणाकडून ज्याच्याकडे येतो आहे, त्या माणसाचा आवाज असा हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. वासासाठी योग्य असलेली बाजू आवाजासाठीही योग्य ठरते. डोळ्यांचेही तसेच: हरणाची नजर स्थिर आकारापेक्षा हालचाल चटकन टिपते, आणि सगळा उतारच हलत असला की सरपटणाऱ्या माणसाची हालचाल त्यात मिसळून जाते.

मग अशा दिवशी हरणे दबून एका जागी बसतात का? अनेक शिकारी तसे मानतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या संशोधकांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांना जीपीएस गळपट्टे बांधून केलेल्या नोंदींत मात्र वेगळे चित्र दिसले: वाऱ्याच्या दिवशी ती दिवसा उलट अधिक फिरत होती. ती जात निराळी आणि तिचे जंगलही निराळे, तेव्हा हा निष्कर्ष हायलँड्सला जसाच्या तसा लावता येणार नाही.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर प्रश्न गोळीचा. वाऱ्यात गोळी बाजूला सरकते ती किती, हे ठरवणारा नियम विलक्षण साधा आहे: हवेच्या विरोधामुळे गोळीला जेवढा उशीर होतो, त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचे. सेकंदाला ८५० मीटर वेगाने सुटलेली गोळी निर्वात पोकळीत २०० मीटर अंतर सुमारे ०.२३५ सेकंदांत कापेल. हवेत तिला साधारण दोन शतांश सेकंद जास्त लागतात. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा असेल, तर ती जवळपास २० सेंटिमीटर सरकेल. १०० मीटरवर हाच फरक पाचेक सेंटिमीटरचा असतो, कारण अंतर निम्मे झाले की सरकणे निम्म्याहून बरेच कमी होते. खांद्यामागचा हृदय-फुप्फुसांचा भाग वीत-दीड वीत रुंद असतो. २० सेंटिमीटरची चूक म्हणजे गोळी पोटात, आणि पोटात गोळी लागलेले हरीण तासन्‌तास तडफडू शकते. त्यातच कॉरीत शिकाऱ्यापाशी एक वारा आणि हरणापाशी दुसरा असतो, आणि झोतांनी रायफलही हातात थरथरते. नेम बाजूला धरून ही चूक भरून काढता येईल, असे म्हणणारे नेमबाज भेटतात. एकसारख्या वाऱ्याच्या सपाट मैदानावर ते खरे असेल, जिवंत जनावरावर हा जुगार मला अक्षम्य वाटतो.

स्कॉटलंडमध्ये माद्यांच्या शिकारीचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, म्हणजे ऐन वादळांच्या दिवसांत असतो. त्या दिवसांत स्टॉकर जोराच्या वाऱ्यात शक्य तितके जवळ, जमल्यास १०० मीटरच्या आत जातात, खडकाच्या आडोशाला रायफल टेकवतात, झोत ओसरण्याची वाट पाहतात, आणि तो ओसरला नाही तर गोळी न झाडता आल्या वाटेने परत सरपटत निघतात.