घराबाहेरचा धोका, घरापुरता कायदा

पंधरा वर्षांचा मुलगा दोन दिवस गायब असतो. तिसऱ्या दिवशी परततो तेव्हा पायात कोरे बूट आणि खिशात दोन फोन. सोशल वर्कर घरी येते. घर नीटनेटकं, खायला-प्यायला आहे, आई रडत सांगते, ‘माझं ऐकतच नाही हो.’ फॉर्मवरचे सगळे रकाने ठीक भरले जातात आणि फाइल बंद होते. त्याला नादी लावणाऱ्या टोळीचा धोका मात्र कोपऱ्यावरच्या जिन्याखाली उभाच असतो. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं असंच चाललं.

याचं कारण तिथल्या बालसंरक्षणाच्या जडणघडणीत आहे. ही व्यवस्था उभी राहिली ती घरात झालेल्या मृत्यूंमुळे. १९७३ मध्ये सात वर्षांची मारिया कोलवेल सावत्र वडिलांच्या मारहाणीत गेली. २००० मध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिए, तीही जिच्याकडे राहत होती त्या नात्यातल्या आजीच्या आणि तिच्या जोडीदाराच्या हातून. प्रत्येक चौकशीनंतर यंत्रणेला एकच धडा मिळाला: घरात डोकावून पाहा. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

१९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्येही, म्हणजे तिथल्या मुलांविषयीच्या कायद्यात, तोच साचा दिसतो. कलम ३१ नुसार मूल सरकारी ताब्यात घ्यायचं, तर त्याला होणारी गंभीर हानी पालकांच्या सांभाळातल्या उणिवेमुळे आहे किंवा मूल त्यांच्या आटोक्याबाहेर गेलं आहे, हे दाखवावं लागतं. म्हणजे बाहेरच्या टोळीने पोराला नादी लावलं, तरी बोट आईबापाकडे नाहीतर पोराकडेच.

पोराकडे बोट दाखवण्याची किंमत रॉदरहॅम या इंग्लिश गावाविषयीच्या २०१४ च्या चौकशी अहवालात उघड झाली. चौकशी करणाऱ्या अ‍ॅलेक्सिस जे यांनी १९९७ ते २०१३ या काळात तिथे सुमारे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज मांडला, आणि तोही हात राखूनच. अनेक मुलींना पोलिसांनी पीडित मानलंच नव्हतं. ‘बालवेश्याव्यवसाय’ हा शब्द कायद्यातून जायला २०१५ उजाडलं, हे वाचताना आजही राग येतो. शहरातल्या टोळ्या लहान गावांत अमली पदार्थ पोचवायला मुलांना वापरतात, ती ‘काउंटी लाइन्स’ पद्धतही याच सुमारास ठळकपणे चर्चेत आली.

बेडफर्डशायर विद्यापीठात संशोधन करताना कार्लिन फर्मिन यांनी प्रश्नच उलटा केला: फक्त मुलाची आणि घराची तपासणी का? जागेची का नाही? यातूनच ‘कॉन्टेक्स्च्युअल सेफगार्डिंग’, म्हणजे मुलाभोवतालचा परिसरच सुरक्षित करण्याची पद्धत, आलं. २०१७ पासून लंडनच्या हॅकनीत ते राबवून पाहिलं गेलं. या पद्धतीत मुलांपुढे परिसराचा नकाशा ठेवतात. कुठे निर्धास्त वाटतं, कुठे पाऊल जड होतं, ते मुलं रंगांनी दाखवतात. मग काम त्या जागेवर होतं: जिन्यात दिवा लावणं, टेकअवेच्या दुकानदाराशी बोलणं, शाळेच्या वाटेवर विश्वासातली मोठी माणसं उभी करणं. पूर्वी मुलालाच दूरच्या गावी हलवत. जागा तशीच राहायची आणि तिथे दुसरं मूल सापडायचं.

२०१८ मध्ये ‘वर्किंग टुगेदर’ या सरकारी मार्गदर्शिकेने घराबाहेरच्या धोक्याची दखल घेतली. मला यातली एक भीती खरी वाटते: जागेवर लक्ष ठेवण्याच्या नावाखाली बागेत नुसत्या बसलेल्या पोरांवर, त्यातही कृष्णवर्णीय पोरांवर, पोलिसांची पाळत वाढू शकते. फर्मिन यांचा भर पोरांच्या हितावर आहे, पाळतीवर नाही. हा फरक रोजच्या कामात जपणं सोपं नाही.

कलम ३१ तसंच आहे. संरक्षण-योजनेत मुलाची नोंद करायची तर रकाने चारच: शारीरिक, मानसिक, लैंगिक अत्याचार आणि हेळसांड. त्यामुळे दोन फोन घेऊन परतलेल्या त्या मुलाच्या आईच्या नावापुढे कधीकधी ‘हेळसांड’ लिहिलं जातं.