फ्रेम रेटमधला २५ आला कुठून?

नागपुरात २००० नंतरच्या दशकात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या कपाटात शूटिंगच्या दोन-तीन डीव्हीडी हमखास सापडतात. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह नसतो, म्हणून आता त्या फाईलमध्ये उतरवून घ्यायची धडपड सुरू आहे. सॉफ्टवेअर उघडलं की फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याची, यादी समोर येते: २३.९७६, २५, २९.९७, ५०, ६०. मोठा आकडा म्हणजे चांगलं चित्र, असं समजून बरेच जण ३० किंवा ६० निवडतात. पण हा आकडा दर्जाचा नाहीच. चित्र कोणत्या वेगाने टिपलं गेलं, त्याची ती नोंद आहे.

या नोंदीचं मूळ विजेत आहे. कोराडीच्या केंद्रातून आपल्याकडे येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. युरोपातही तीच. सुरुवातीच्या टीव्हीमध्ये विजेचा व्यत्यय पडद्यावर पट्ट्यांच्या रूपात सरकत राही. चित्राचा वेग विजेशी जुळवला की तो व्यत्यय जागच्या जागी थांबे. म्हणून सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, पाठवायची पद्धत पडली. एका फील्डमध्ये एकाआड एक ओळी, दोन मिळून एक फ्रेम, म्हणजे २५. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथे ३०. तिथे १९५३ मध्ये रंगीत प्रसारणाची पद्धत ठरली, तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात मिसळू नये म्हणून वेग हजारात एक भागाने कमी केला आणि २९.९७ हा विचित्र आकडा कायमचा चिकटला. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पॅल या युरोपातल्या रंगीत प्रसारणाच्या पद्धतीने, आणि २५ आपल्याकडे पक्का झाला.

सिनेमाची गोष्ट वेगळी. बोलपट आल्यावर फिल्मचा वेग २४ वर स्थिर झाला. पॅल डीव्हीडीसाठी ती फिल्म बहुधा सरळ २५ ने पळवतात. दोन तासांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांत संपतो आणि वेगळी दुरुस्ती केली नाही, तर गाण्याची पट्टी अर्ध्या सुरापेक्षा जरा कमी इतकी चढते. कान तयार असलेल्याला ते जाणवतं. एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या, डिस्कवर मात्र काही फील्ड पुन्हा दाखवून २४ चे ३० भरतात. परदेशी बाजार डोळ्यांसमोर ठेवून आपल्याकडच्या अनेक चित्रपटांच्या डिस्क एनटीएससीत निघाल्या. काही तर पॅलवरून तशा केलेल्या, दोन फ्रेम एकमेकींत मिसळलेल्या. ती सरमिसळ नंतर पूर्ण निस्तरत नाही.

लग्नाच्या डिस्कमध्ये ही भानगड नसते. तिथे खरोखर ५० वेगवेगळे क्षण टिपलेले असतात. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांच्या कडा संगणकावर कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात, कारण एका फ्रेममध्ये दोन क्षण एकत्र येतात. डीइंटरलेस करून, म्हणजे एकाआड एक ओळींची पूर्ण चित्रं बनवून, २५ ठेवलं तर कंगवा जातो, पण निम्मी हालचालही जाते. माझ्या मते लग्न, नाच, खेळ यांसाठी प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून ५० ठेवावं. नाच पाय ओढत, धक्के खात चालल्यासारखा दिसला, तर फील्डचा क्रम उलटा लागलेला असतो. तो आधी तपासावा.

एन्कोडिंगच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाईल करण्याच्या, सवयींनाही असाच इतिहास आहे. एक्सव्हिड या जुन्या एन्कोडरच्या काळात चित्रपट ७०० एमबीच्या सीडीवर बसवायचा असे, म्हणून बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा ते, मोजून दोन पासमध्ये (दोन फेऱ्यांत) एन्कोड करत. ती मर्यादा आता उरली नाही. एच.२६४ या नव्या पद्धतीत सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा, लहान तितका दर्जा चांगला) १८ ते २० ठेवावं आणि फाईल होईल तेवढी होऊ द्यावी. डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र ओढून एचडी करू नये. तीन तासांचं लग्न ४.७ जीबीच्या डिस्कवर कोंबलं असेल, तर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला आले आहेत. मुळात नाही तो तपशील नंतर येत नाही. रुंदी-उंचीचं गुणोत्तर मात्र ४:३ की १६:९ ते पाहून घ्यावं, नाहीतर नवरा-नवरी रुंद किंवा उभट दिसतात.

हे सगळं करण्याआधी डिस्कची जशीच्या तशी आयएसओ प्रत (अख्खी डिस्क एकाच फाईलमध्ये) काढावी. घरी बर्न केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उष्णतेने लवकर खराब होतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात माळ्यावरच्या पेटीत उष्णता भरपूर असते.