फॅन ‘डायरेक्ट’ केला की इंजिन थंड राहतं?

उन्हाळा आला की हा सल्ला फिरू लागतो: जुन्या गाडीचा रेडिएटर फॅन चावीवर डायरेक्ट करा, म्हणजे चावी फिरवली की तो सतत फिरत राहील आणि इंजिन कधीच तापणार नाही. सोलापुरात पारा 42 च्या पुढे जातो, सात रस्त्याच्या सिग्नलवर काटा चढताना दिसतो, तेव्हा तो पटणं साहजिक आहे.

पण फॅन रेडिएटरमधलं पाणी थंड करतो, आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) साधारण 82 ते 88 अंशांना उघडेपर्यंत इंजिनचं पाणी तिकडे फारसं जातच नाही. सकाळी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावून बघा. बराच वेळ गार, मग अचानक गरम होतो. तोवर फिरलेला फॅन फुकट. हायवेला तर समोरून येणारा वाराच बहुधा पुरतो.

खरी भीती वायरिंगची. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हौसेने बसवलेला फॅन 10 ते 20 अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. डॅशबोर्डच्या बारीक वायरीतून तो चालवला की स्विच तापतो, प्लास्टिक वितळतं. म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच: त्याच्या 30 नंबरच्या पिनवर बॅटरीचा फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह, 87 वरून फॅन, 85-86 च्या कॉइलवर रेडिएटरचा थर्मो स्विच (पाणी तापलं की चालू होणारा). फ्यूज बॅटरीजवळच.

फॅन चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचं आणि फॅनच्या पिनांवरचं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर वायर बारीक आहे किंवा जोड, अर्थिंग खराब. पात्यांपासून बोटं मात्र लांब ठेवा.