वाळूच्या ट्रेमधला पूर

समजा, कोल्हापूरजवळच्या चिखलीकडचा, पूर पाहिलेला एक सहा वर्षांचा मुलगा आहे. वाळूच्या ट्रेमध्ये तो बैल ठेवतो, त्यावर तांब्याभर पाणी ओततो, बैल वाळूत गाडतो. मग काढतो आणि पुन्हा तेच. (बैल प्लास्टिकचा, बेंदराचा मातीचा बैल पहिल्याच पुरात विरघळला असता.) समोर बसल्यात मुलांवर खेळातून उपचार करणाऱ्या ताई. दारातून आई त्यांना विचारते, "ताई, काय बोलला का ओ?"

तो मघापासून बोलतोच तर आहे, खेळातून. 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. पूर आला, की चिखलीकरांचा आसरा म्हणजे उंचावरची सोनतळी. असलं पाणी दारात आलं, की मोठ्यांचीही वाचा बसते. सहा वर्षांच्या पोराकडे त्यासाठी शब्द कुठले? पण इथं पाणी त्याच्या तांब्यात आहे. कधी ओतायचं, कधी थांबायचं, हे तोच ठरवतो.

वाळू आणि चिमुकल्या वस्तूंची ही पद्धत मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी लंडनमध्ये 1920 च्या दशकाच्या अखेरीस रुजवली. पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1947 मध्ये आग्रह धरला, की वाट मुलानं दाखवायची, मोठ्यांनी मागून चालायचं. म्हणून ताई "तुला पुराची भीती वाटते का?" असं विचारत नाहीत. "बैल पाण्याखाली गेला," एवढंच म्हणतात. मुलगा त्याला म्हैस म्हणाला, तर ती म्हैस. मारायचं मात्र नाही, ना स्वतःला, ना ताईंना. हे गप्प बसणं शिकायलाच सगळ्यात जास्त वेळ लागत असणार. आपल्याकडे मोठ्यांना पोरांचं उत्तरसुद्धा आपणच द्यायची सवय.

'खेळू द्या, होईल बरं' हेही पुरेसं नाही. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावी शाळेच्या बसमधल्या 26 मुलांचं अपहरण झालं, त्यांना जमिनीखाली गाडलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं. सगळी सुटली. नंतर मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांना दिसलं, की काही मुलं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळतात. त्यात ना मजा, ना सुटका. असा खेळ भीती उलट घट्ट करू शकतो. म्हणून ताईंचं लक्ष असतं ते खेळात काय बदललं यावर. काहीच बदलत नसेल, तर त्या हळूच विचारतात, "याला काढायला कोण येतंय का?"

एखाद्या दिवशी तो ट्रेच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग करतो, बैल वर नेऊन ठेवतो.

"हे कुठलं रे?"

"सोनतळी," तो म्हणतो, आणि तांब्या भरायला उठतो.